राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ

राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ : (१८६३ – ३१ डिसेंबर १९२६). मराठी इतिहाससंशोधक, भाषाभ्यासक व संपादक. जन्म रायगड जिल्ह्यातील वरसई (ता. पेण) येथे. गावोगावच्या वाड्यांतली दप्तरे, बखरी व पोथ्या त्यांनी जन्मभर हिंडून मिळवल्या. *मराठ्यांच्या इतिहासाची साधने* या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात पानिपतच्या काळातील पत्रव्यवहार असून त्याची प्रदीर्घ प्रस्तावना मूळ पत्रांइतकीच मोलाची आहे. पुढे मालेचे एकूण २२ खंड झाले. उत्तर कोकणच्या इतिहासासाठी महत्त्वाची *महिकावतीची बखर* त्यांनी संपादित केली. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (पहा) स्थापले. लेखन मराठीतूनच केले. निधन धुळे येथे. त्यांचा संग्रह तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जपला आहे.