‘पाणीवाली बाई’ : मृणाल गोरे यांची कारकीर्द आणि एका नावाचा प्रवास

महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधींच्या चरित्रांना एक ठरीव साचा आहे. आधी महानगरपालिका, नंतर विधानसभा, पुढे जमल्यास संसद. प्रत्येक टप्पा म्हणजे मागच्या टप्प्यावरची बढती. मृणाल गोरे (१९२८–२०१२) यांची कारकीर्द प्रथमदर्शनी या साच्यात बसते. १९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या, १९७२ मध्ये विधानसभेत व १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. मात्र १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेतच आल्या, आणि त्यांचे विधिमंडळातील सर्वांत महत्त्वाचे काम त्यानंतरचे आहे. बढतीच्या हिशेबात या परतीला जागा नाही. शिवाय महानगरपालिकेतील काळात मिळालेले एक नाव त्यांना अखेरपर्यंत चिकटून राहिले. ते नाव हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या व समाजवादी पक्षाच्या कामात उतरलेल्या मृणालताईंचे क्षेत्र गोरेगाव हे होते. तेथील ग्रामपंचायतीचा कारभार त्यांनी पाहिला होता. बृहन्मुंबईची हद्द १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगाव महानगरात आले. पुरेसे पाणी मात्र आले नाही. यातील विसंगती बोलकी आहे. मुंबईला नळाचे पाणी पुरविण्यासाठी १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव गोरेगावच्या पूर्वेस, अगदी जवळ आहे. शहराची तहान ज्या परिसराने भागविली, त्याच परिसरातील स्त्रिया शंभर वर्षांनंतर हंडे घेऊन महानगरपालिकेवर मोर्चे नेत होत्या. १९५८ मध्ये पती केशव गोरे यांचे निधन झाल्यानंतर लहान मुलीला सांभाळत मृणालताई या मोर्चांच्या अग्रभागी राहिल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव या धडपडीतून आले.

नावाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘वाली’ हा प्रत्यय विक्रेत्या स्त्रीला लागतो, जसे भाजीवाली, मासेवाली. ‘बाई’ हा शब्द मराठीत अहिल्याबाईंपासून शाळेतल्या बाईंपर्यंत आदराने वावरतो आणि मुंबईच्या सदनिकांत घरकाम करणाऱ्या स्त्रीलाही लागतो. कार्यकर्ते त्यांना ‘मृणालताई’ म्हणत. ते कुटुंबातले संबोधन होते. ‘पाणीवाली बाई’ हे रस्त्याचे, त्यातही अनेक भाषांच्या रस्त्याचे संबोधन. विधिमंडळाच्या सदस्याला मराठी ‘आमदार’ म्हणते, हिंदी ‘विधायक’. पाणी मागणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र जवळपास जसेच्या तसे दोन्ही भाषांत चालले.

१९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. त्या लाटेतही त्या विधानसभेत पोहोचल्या. दुष्काळाचे आणि भाववाढीचे ते दिवस होते. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या मार्क्सवादी नेत्यांबरोबर समाजवादी मृणालताई उभ्या राहिल्या, आणि हंड्याच्या जागी लाटणे आले. हा निव्वळ प्रतीकांचा बदल नव्हे. राज्याच्या धोरणाचे मोजमाप एका घराच्या एका दिवसाच्या गरजेवरून करावयाचे, ही महानगरपालिकेत अंगवळणी पडलेली रीत त्यांनी आमदार झाल्यावरही सोडली नाही.

आणीबाणीत त्या भूमिगत झाल्या, पुढे त्यांना तुरुंगवास घडला. १९७७ च्या निकालानंतर घोषणा गाजली : ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. येथे ‘पाणी’चे ‘पानी’ झाले, आणि ‘बाई’ या शब्दाचा हिंदी वापरातला उणा सूर इंदिरा गांधींच्या वाट्याला आला. घोषणा चटकदार खरीच. तथापि मराठीतला आदर आणि हिंदीतला उपहास तिने एकाच शब्दात एकत्र आणले, आणि दोन स्त्रियांचे राजकारण एका शाब्दिक खेळात बसवून टाकले. पाण्याचा प्रश्न त्यात उरला नाही, फक्त यमक उरले.

नावाने दिले तसे हिरावलेही. १९८६ मध्ये मृणालताईंनी विधानसभेत गर्भलिंगनिदानाविरुद्ध खाजगी विधेयक आणले. महिला संघटनांच्या दबावाला सभागृहात त्यामुळे वाट मिळाली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने असा कायदा केला. देशात तो पहिला ठरला. केंद्राचा कायदा व्हायला १९९४ उजाडले. याच काळात बाबुराव सामंतांसमवेत त्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे, १९७६ च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, गोरेगावजवळ दिंडोशी येथे सुमारे सहा हजार घरांच्या वसाहतीसाठी लढा दिला. महानगरपालिकेच्या अनुभवाशिवाय हा प्रकल्प सुचणेही कठीण होते. तरी लोकस्मृतीत घरांची वा विधेयकाची बाई नाही.

१७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाच्या मृत्युलेखांतही पुन्हा ‘पाणीवाली बाई’च होती. गोरेगावातील उड्डाणपुलाला त्यांचे नाव देण्यात आले ते मात्र ‘मृणालताई गोरे उड्डाणपूल’ असे.