निपाणीची तंबाखू आणि झोपेची लय

पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आलेली तंबाखू निपाणीच्या काळ्या रानात रुजली, आणि बिडीच्या धंद्याने जोर धरल्यावर वखारी, व्यापारी, जर्दा चाळणाऱ्या बाया आणि व्यापारी देईल त्या भावाची वाट पाहणारा शेतकरी असे एक सबंध जग सीमाभागातील मराठी-कानडी गावांभोवती उभे राहिले. या जगाचा इतिहास भाव आणि मजुरी यांच्या अंगाने सांगितला जातो, व ते रास्तच आहे. 1981 साली शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, 6 एप्रिलच्या पोलीस गोळीबारात 12 शेतकरी मारले गेले, आणि वखारीतील कामगार स्त्रियांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रीवादी गटाने 1982 साली चित्रपट केला. तरीही तंबाखूच्या पाल्याचा अंमल दिवसापुरता नव्हता, तो रात्रीवरही होता, आणि ती बाजू समजण्यासाठी निपाणीपासून बरेच दूर जावे लागते.

तंबाखूतील निकोटिन 1828 साली हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट आणि राइमान यांनी वेगळे केले. केंब्रिजच्या लँगली यांनी 1905 साली हेच द्रव्य वापरून असे दाखवले की, स्नायूंमध्ये विशिष्ट रसायन ओळखून त्याला प्रतिसाद देणारा एक घटक असतो. आज त्यास ग्राहक म्हणतात. पुढे ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने, मज्जातंतू आपला संदेश रसायनाच्या हाती देतात हे सिद्ध केले. त्या रसायनाचे नाव अ‍ॅसिटिलकोलिन, आणि प्रयोगाची कल्पना लोवींना झोपेत, स्वप्नात सुचली होती. हा योगायोग खासच म्हणावा लागेल, कारण स्वप्नांची झोप चालू करण्यात याच रसायनाचा मोठा वाटा असतो.

ही झोप म्हणजे शीघ्र नेत्रचलन निद्रा, अर्थात रेम निद्रा. असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी शिकागोत 1953 साली तिची नोंद केली, तर ल्यों येथील मिशेल झुव्हे यांनी तिला विरोधाभासी निद्रा म्हटले. कारण मेंदूच्या लहरी जागेपणीसारख्या जलद व लहान होतात, डोळे पापण्यांआड भिरभिरतात, श्वास व नाडी आपली नियमित चाल सोडतात, पण हातापायांचे स्नायू पार ढिले पडलेले असतात. सुमारे 90 मिनिटांच्या अंतराने येणारी ही अवस्था पहाटेकडे लांबत जाते, आणि प्रौढ माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा व्यापते.

अ‍ॅसिटिलकोलिनच्या काही ग्राहकांवर निकोटिनही जाऊन बसते, आणि मेंदूला जागे ठेवणाऱ्या यंत्रणा त्याने चाळवल्या जातात. परिणामी झोप उशिरा लागते, तुटक होते, व रेम निद्रेचा वाटा घटतो. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येत असल्याने, व्यसन जडलेल्याला उत्तररात्री तलफही जागे करते.

धूर काढणाऱ्यापुरता हा प्रश्न नाही. दवाने ओला झालेला हिरवा पाला हाताळताना निकोटिन कातडीतून शिरते आणि चक्कर, मळमळ, डोकेदुखी, निद्रानाश यांनी माणूस हैराण होतो. वखारीत तर धुरळा श्वासावाटेच आत जातो. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील अभ्यासकांना बिडी उद्योगातील कामगारांच्या लघवीत कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारे द्रव्य, आढळले आहे; त्यासाठी स्वतः बिडी ओढण्याची गरज नसते.