आकियोशी, तोशिको

(जन्म १२ डिसेंबर १९२९). जपानी जॅझ पियानोवादिका, संगीतरचनाकार व वाद्यवृंदसंचालिका. १९५६ पासून तिची कारकीर्द मुख्यतः अमेरिकेत घडली. जपानी पारंपरिक संगीतातील घटकांचा जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाशी अर्थपूर्ण मेळ घालणारी रचनाकार म्हणून तिची ख्याती आहे.

तिचा जन्म मँचुरियातील ल्याओयांग येथे, तेथे स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबात झाला. बालपणी तिला पाश्चात्त्य अभिजात पियानोवादनाचे शिक्षण मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर या कुटुंबाला सर्वस्व गमावून जपानला परतावे लागले. ते क्यूशू बेटावरील बेप्पू या गावी राहू लागले. तेथील नृत्यगृहात तिने पियानोवादकाची नोकरी धरली. एका संग्राहकाने ऐकविलेल्या टेडी विल्सनच्या ध्वनिमुद्रिकेमुळे तिला जॅझची खरी ओळख झाली. १९४८ मध्ये ती टोकिओस गेली व ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकून तिने ही शैली आत्मसात केली. बड पॉवेल याच्या वादनाचा तिच्यावर विशेष प्रभाव पडला. पुढे तिने ‘कोझी क्वार्टेट’ हा स्वतःचा संच उभारला. १९५३ मध्ये जपानच्या दौऱ्यावर आलेला विख्यात पियानोवादक ऑस्कर पीटरसन याने तिच्या वादनाने प्रभावित होऊन निर्माता नॉर्मन ग्रँट्स याच्याकडे तिची शिफारस केली आणि तिची पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली.

१९५६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती बॉस्टनच्या बर्कली संगीतविद्यालयात दाखल झाली. या संस्थेतील ती पहिली जपानी विद्यार्थी होय. त्या काळी अमेरिकन श्रोत्यांना तिच्या वादनाइतकेच किमोनो परिधान करून जॅझ वाजविणाऱ्या जपानी स्त्रीचे कुतूहल वाटे. हे कुतूहल ओसरल्यावर कलावंत म्हणून आपले स्थान काय, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. १९६२ मध्ये तिने चार्ल्स मिंगस याच्या वाद्यवृंदात वादन केले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिने स्वतःच्या खटपटीने आपल्या रचनांचा कार्यक्रम सादर केला. सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो याच्याशी झालेला तिचा विवाह १९६७ मध्ये संपुष्टात आला. १९६९ मध्ये सॅक्सोफोन व बासरीवादक लू टबॅकिन याच्याशी तिने विवाह केला.

हे दांपत्य १९७२ मध्ये लॉस अँजेल्सला गेले व पुढील वर्षी त्यांनी सोळा वादकांचा वाद्यवृंद स्थापन केला. त्यातील सर्व रचना आकियोशीच्याच असत. सॅक्सोफोनवादकांकडून बासरी व क्लॅरिनेट ही वाद्येही वाजवून घेऊन तिने सुषिर वाद्यांचे वैशिष्ट्यपूर्ण स्वरमिश्रण साधले. १९७४ मध्ये ड्यूक एलिंग्टनचे निधन झाले. आपल्या वंशाच्या वारशाचा अभिमान त्याच्या संगीतातून कसा प्रकटला, हे वाचून जॅझला आपल्या वारशातून काही देणे हेच आपले कार्य, अशी तिची धारणा झाली. ‘कोगुन’ (१९७४) या रचनेत तिने नो नाट्यातील गायन व त्सुझुमी हे तालवाद्य योजिले. युद्ध संपल्याची वार्ता न मानता सुमारे तीस वर्षे फिलिपीन्सच्या अरण्यात राहिलेला सैनिक हिरो ओनोदा हा या रचनेचा विषय. ‘इनसाइट्स’ (१९७६) मधील ‘मिनामाता’ ही दीर्घ रचना, कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याने विषबाधा झालेल्या मच्छीमार वस्तीची शोकांतिका मांडते. निसर्गाच्या कुशीतील शांत गाव, औद्योगिक भरभराट व तिचा परिणाम, आणि उपसंहार असे तिचे तीन भाग आहेत. येथे जपानी स्वर हे केवळ अलंकरण नसून कथनाचा गाभा आहेत. ‘लाँग यलो रोड’ ही तिच्या वाद्यवृंदाची ओळख ठरलेली रचना. मँचुरियातील धुळीचे रस्ते व अमेरिकेतील आशियाई व्यक्तीची वाटचाल या दोन्हींचा तीत संकेत आहे.

डाउनबीट या नियतकालिकाच्या वाचकमतदानात सर्वोत्कृष्ट रचनाकार व वाद्यवृंदसंयोजक म्हणून अग्रस्थान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. ग्रॅमी पारितोषिकासाठी तिचे नाव चौदा वेळा सुचविले गेले. पण एकदाही ते तिला लाभले नाही. वाद्यवृंदाच्या अनेक ध्वनिमुद्रिका प्रथम जपानमध्येच प्रसिद्ध झाल्या. १९८२ मध्ये तिने न्यूयॉर्कला येऊन वाद्यवृंद नव्याने उभारला. एका बौद्ध धर्मगुरूच्या विनंतीवरून रचलेली ‘हिरोशिमा : रायझिंग फ्रॉम द अबिस’ ही रचना ६ ऑगस्ट २००१ रोजी हिरोशिमातच सादर झाली. संहाराच्या छायाचित्रांनी प्रथम ती कचरली होती. परंतु भुयारी आश्रयस्थानातून बाहेर येणाऱ्या एका स्मितमुख तरुणीचे चित्र पाहून तिने हे काम स्वीकारले. ‘आशा’ हा या रचनेचा अखेरचा भाग आहे.

अमेरिकेत ध्वनिमुद्रणाची संधी दुर्लभ झाल्याने व पियानोवादनाकडे पुन्हा वळण्याच्या इच्छेने तिने २००३ मध्ये, कार्नेगी हॉलमधील कार्यक्रमानंतर, वाद्यवृंद विसर्जित केला. २००७ मध्ये तिला अमेरिकेचा ‘जॅझ मास्टर’ हा राष्ट्रीय सन्मान लाभला. जॅझ हे मूलतः आफ्रिकी-अमेरिकन समाजाच्या अनुभवातून जन्मले. त्यात प्रवेश करताना परकीयाने निव्वळ अनुकरण न करता स्वतःच्या भूमीचे दुःख व स्मृती त्याच्या भाषेत बोलक्या करता येतात, हे तिने दाखवून दिले. यातच तिच्या कार्याचे महत्त्व आहे.