संगणकशिक्षणातील समतेचा प्रश्न : जेऊर परिसराच्या संदर्भात

करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक होय. हा मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचला. परंतु गावाजवळून गाडी जाणे आणि त्या गाडीचा लाभ गावातील प्रत्येकास मिळणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. संगणकविद्येच्या इतिहासातही हाच भेद दिसून येतो.

या विद्येचा महाराष्ट्रातील प्रारंभ मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. दीर्घ काळ ही विद्या महानगरांतील मोजक्या संस्थांपुरतीच मर्यादित होती. शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये 'क्लास' या योजनेद्वारे केला. सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटिश बनावटीची यंत्रे देण्यात आली. देशाच्या विस्ताराच्या मानाने ही संख्या अत्यल्प होती. शिवाय यंत्रास द्यावयाच्या आज्ञा इंग्रजीत होत्या. सारांश, विषमता दुहेरी होती : यंत्राची आणि भाषेची.

यांपैकी भाषेचा अडसर प्रथम सैल झाला. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे कार्य पुढे नेले. १९९१ च्या युनिकोड संकेतप्रणालीत देवनागरीस स्थान मिळाले. पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम मराठीतूनही उपलब्ध होऊन तालुक्यांच्या गावी पोहोचला. शासकीय नोकरीसाठी आवश्यक अर्हता म्हणून त्यास मान्यता मिळाल्याने ग्रामीण तरुणांचा त्याकडे ओढा वाढला. हे कार्य मोलाचे असले, तरी त्याचा भर यंत्र वापरण्यावर होता, यंत्रामागील विचारावर नव्हता.

शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेने निराळा मार्ग दाखविला. तेथे २००९ साली रुजू झालेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापून कविता, गोष्टी व पाठ ध्वनिचित्ररूपात उपलब्ध केले. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरच्या रकमेतील अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिला. येथे साधन महाग नव्हते. शिक्षकाची दृष्टी निर्णायक ठरली.

तथापि संकेत वाचणे म्हणजे संगणकविद्या नव्हे. समस्येचे भाग पाडणे, क्रम ठरविणे, चूक शोधणे, ही या विद्येची मूळ अंगे होत. २०१६ साली एसीएम इंडियाने सुरू केलेल्या 'सीएस पाठशाला' उपक्रमात ती यंत्राविनाही, खेळ व कोड्यांद्वारे शिकविली जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही संगणकीय विचारास शालेय शिक्षणात स्थान दिले. उसाला पाणी देण्याच्या पाळ्या आखणे किंवा स्थानकावरील गाड्यांचे वेळापत्रक तपासणे, ही उदाहरणे जेऊरच्या मुलास परकी वाटणार नाहीत.

तात्पर्य, यंत्र, भाषा आणि विचार या तीन टप्प्यांपैकी पहिले दोन बऱ्याच अंशी ओलांडले गेले आहेत. तिसरा टप्पा राहून गेल्यास ग्रामीण विद्यार्थी दुसऱ्यांनी रचलेल्या यंत्रांचा केवळ चालक राहील. त्यास रचनाकार करणे, हीच या शिक्षणातील समतेची खरी कसोटी होय.