ओहमचा नियम आणि बिनधुराची सिगरेट

मंडळी, सिगरेटच्या गोष्टीत ओहम कुठून आला असं तुम्ही विचाराल. पण ई-सिगरेटच्या पोटात असतं काय? एक सेल, रोधक तारेचं छोटंसं वेटोळं आणि त्याला भिजवणारं द्रव. माझ्या लेखी ती बोटाएवढी विजेची शेगडीच!

होस्टेलवर राहिलेल्यांना आठवेल, शेगडीची कॉइल तुटली की टोकं पिळून जोडायची. कॉइल आखूड व्हायची, जास्त लालबुंद व्हायची आणि पुन्हा लवकर तुटायची. शाळेत तर ज्यूलचा नियम शिकलो होतो: धारेचा वर्ग गुणिले रोध. मग रोध कमी झाल्यावर उष्णता वाढते कशी? गंमत अशी की प्लग किंवा सेल व्होल्टेज ठरवतो, धारा नाही. रोध निम्मा केला की धारा दुप्पट होते, तिचा वर्ग चौपट होतो आणि उष्णता दुप्पट होते. वेपिंगच्या हिशोबाचं सगळं मर्म एवढंच.

हा नियम जॉर्ज ओहमने १८२७ साली पुस्तकात मांडला. कुलपं बनवणाऱ्याचा हा मुलगा शाळेत शिकवायचा. त्याच्या प्रयोगात अडचण आली ती बॅटरीचीच. धारा वाहू लागली की तिचा दाब घसरायचा. शेवटी त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक टोक उकळत्या पाण्याच्या उष्णतेत, दुसरं बर्फात, आणि स्थिर दाब मिळवला. जर्मनीत आधी उपेक्षाच झाली. रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं ते १८४१ मध्ये.

आता सिगरेटकडे. अमेरिकेतल्या हर्बर्ट गिल्बर्टने १९६३ मध्ये तंबाखूविना, धुराविना सिगरेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६५ मध्ये पेटंट मिळालं, पण बाजारात काही ती आली नाही. मग २००३ मध्ये चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने नवा आराखडा केला. तो स्वतः धूम्रपान करणारा, आणि वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले. त्याने आधी द्रवाचे तुषार करायला अतिध्वनी लहरी वापरल्या. तापणारी तार नंतर रूढ झाली.

पुढे हौशी लोक आले. लिथियम सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट. त्यावर २.४ ओहमचा ॲटोमायझर लावला की पावणेसहा वॅट मिळतात. जास्त वाफ हवी म्हणून कुणी दोन सेल एकापुढे एक ठेवले की ७.४ व्होल्ट आणि तेवीस वॅट! द्रव तारेपर्यंत पोचायच्या आत वात करपायची. म्हणून दाब वाढवला तर रोधही वाढवायचा, हे कोष्टक लोकांनी पाठ केलं. नंतर हा हिशोब चिप करू लागल्या.

पण काहींना चिपच नको होती. नुसती धातूची नळी, आत सेल, आणि ०.२ ओहमची तार. पूर्ण भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट धरले तर २१ अँपिअर. बऱ्याच सेलना एवढी धारा सोसतच नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासात असं उपकरण फुटून एकेक माणूस दगावला.

बरं, फुटलं नाही म्हणजे सगळं ठीक का? २०१५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रयोग छापून आला. ३.३ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइडचा माग लागला नाही, ५ व्होल्टवर भरपूर लागला. इतकी करपट वाफ माणूस ओढणारच नाही, असा आक्षेप इतर संशोधकांनी घेतला. आक्षेपात तथ्य आहे. पण मला त्यातून वेगळंच जाणवलं. घटक तेच, द्रव तेच, आणि नुसता दाब बदलल्याने पदार्थच बदलला.

भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला आणि ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आली. बंदी योग्य की अयोग्य यावर आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर वाद होतील, होऊ देत. माझं म्हणणं इतकंच की जी वस्तू चोरून घ्यावी लागते तिच्या तारेचा रोध आणि सेलची क्षमता कोण तपासणार? घरातल्या पोराच्या खिशात ती सापडली तर निकोटिनबद्दल बोलाच, पण सेलबद्दलही बोला.

ओहमच्या नियमाने तार किती तापेल ते अचूक कळतं. ती वाफ छातीत गेल्यावर वीस वर्षांनी काय होईल, ते त्या सूत्रात नाही. रोध आणि व्होल्टेज जुळलं याचा अर्थ उपकरण नीट चाललं, एवढाच. असो.