मीटर खोटं बोलतंय हे कसं ओळखायचं? रोमच्या पाणीखात्याची एक गोष्ट

पाण्याचं बिल एकदम दुप्पट आलं की कुठल्याही सोसायटीत तीन पक्ष पडतात. पहिला म्हणतो मीटर बिघडलंय. दुसरा म्हणतो कुठेतरी गळती आहे. तिसऱ्याला पक्की खात्री असते की कोणीतरी चोरून पाणी ओढतोय. पुरावा तिघांकडेही नसतो, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

हे तिन्ही पक्ष फार जुने आहेत बरं का. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी रोममध्ये एका अधिकाऱ्यासमोर हाच प्रश्न आला होता, आणि त्याने तो आवाज न चढवता सोडवला. आजची गोष्ट त्याची.

इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस या बड्या सिनेटरला पाणीखात्याचा प्रमुख नेमलं. गडी इंजिनिअर नव्हता. ब्रिटनचा गव्हर्नर राहिलेला, युद्धातल्या डावपेचांवर पुस्तक लिहिलेला माणूस. पण खातं हातात आल्यावर त्याने पहिली गोष्ट ही ठरवली की हाताखालचे लोक सांगतील त्यावर साहेबाने कारभार चालवणं लाजिरवाणं आहे. मग त्याने स्वतःसाठी म्हणून नऊच्या नऊ जलवाहिन्यांची टिपणं काढली. त्या टिपणांचं हस्तलिखित पोज्जो ब्राच्चोलिनीला १४२९ मध्ये माँते कासिनोच्या मठात सापडलं, म्हणून आज आपल्याला ही भानगड कळते.

खात्याच्या दप्तरात पाण्याचा जमाखर्च होता. मोजायचं एकक क्विनारिया, म्हणजे सव्वा डिजिट व्यासाचा नळ. आपल्या हिशोबाने साधारण २.३ सेंटिमीटर. फ्रॉन्टिनसने बेरजा केल्या. जमा: १२,७५५ क्विनारिया. वाटप: १४,०१८ क्विनारिया. म्हणजे आलं त्यापेक्षा १,२६३ जास्त वाटलं!

आमच्या धंद्यात याला रिकन्सिलिएशन म्हणतात. दोन सिस्टिमचे आकडे शेजारी ठेवायचे आणि जुळतात का बघायचं. नाही जुळले तर कुठेतरी बग आहे एवढंच कळतं. कुठल्या बाजूला आहे, ते कळत नाही. दप्तरात डोकं घालून ते फ्रॉन्टिनसलाही कळलं नसतं. म्हणून तो उठला आणि पाणी मोजायला गेला.

आप्पिया या जलवाहिनीचं उदाहरण घेऊ. दप्तरात जमा ८४१, वाटप ७०४. बघायला किती छान! थोडं पाणी वाटेत गेलं असेल, कोणाला संशय येणार? उगमापाशी ती दोन प्रवाहांची असल्याने तिथे मोजता येईना, म्हणून त्याने पुढे जेमेली नावाच्या जागी मोजमाप घेतलं. रुंदी पावणेदोन फूट, पाण्याची खोली पाच फूट. हिशोब आला १,८२५ क्विनारिया. दप्तरातल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त! सगळ्या जलवाहिन्या मोजून झाल्यावर निघालं की दप्तरात दिसतंय त्यापेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया पाणी जास्त येतंय.

आता गंमत बघा. कागदावर वाटप जास्त आणि जमा कमी, म्हणजे वाटणाऱ्यांनी मापात उदारपणा केला असं वाटत होतं. प्रत्यक्षात जमेचा आकडाच खोटा होता. एरर दिसला एका जागी आणि होता दुसऱ्याच जागी.

मग एवढं पाणी जायचं कुठे? फ्रॉन्टिनसने एकेक भोक शोधलं, अगदी शब्दशः. मंजूर पाण्यासाठी टाकीला कांस्याची एक नळी बसवायची पद्धत होती. तिला कॅलिक्स म्हणत. कांस्य अशासाठी की शिशासारखं ठोकून त्याचं तोंड मोठं करता येत नाही. तिच्यावर अधिकृत शिक्का हवा. तपासणीत कुठे बिनशिक्क्याच्या नळ्या निघाल्या, कुठे शिक्का असलेल्याच मंजुरीपेक्षा मोठ्या निघाल्या. पाण्याचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेला की खात्याचे पाणीवाले टाकीला नवीन भोक पाडत, जुनं तसंच ठेवत आणि त्यातलं पाणी विकत. (नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन चालू ठेवावं तसं!) रस्त्यांखालून चोरनळ होते, आणि ही भोकं सांभाळणारा एक खास माणूसही होता.

पण मला सगळ्यात आवडलेला भाग पुढेच आहे. नळांच्या पंचवीस मापांपैकी चार मापं पाणीवाल्यांनी बदललेली होती. त्यातली तीन बघा. २० नंबरचा नळ नियमाने १६ क्विनारियांहून थोडा जास्त भरायला हवा, यांचा भरत होता १३. १०० नंबरचा साडेएक्याऐंशीचा हवा, यांचा ९२. १२० नंबरचा पावणेअठ्ठ्याण्णवचा हवा, यांचा जवळजवळ १६४! आणि २० नंबरचा नळ लोकांना पाणी द्यायला वापरत, तर १०० आणि १२० नंबरचे स्वतः पाणी घ्यायला. देताना माप छोटं, घेताना माप मोठं. आपल्याकडे धान्याच्या व्यापाऱ्यांबद्दल जे बोललं जायचं तेच.

निव्वळ निष्काळजीपणा असता तर चूक कधी इकडे, कधी तिकडे झुकली असती. ती प्रत्येक वेळी एकाच माणसाच्या खिशाकडे झुकत होती. तेव्हा माप चुकलंय हे कळलं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: कोणत्या बाजूला चुकलंय? कारणाचा धागा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. हा प्रश्न आजच्या मीटरलाही तितकाच लागू आहे, त्याकडे येतोच.

अर्थात खुद्द फ्रॉन्टिनसच्या मापातही एक मोठी खोट होती. क्विनारिया म्हणजे नुसतं नळाच्या तोंडाचं क्षेत्रफळ. पाणी किती वेगाने वाहतंय ते त्यात येतच नाही. उंचावरून जोरात येणारं पाणी त्याच नळातून जास्त मिळतं आणि सखल भागातून रेंगाळत येणारं कमी मिळतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण वेग मोजायचं साधन नव्हतं. म्हणूनच एक क्विनारिया म्हणजे नक्की किती लिटर, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. क्षेत्रफळ गुणिले वेग हे गणित स्पष्टपणे मांडलं गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने, १६२८ मध्ये. आणि त्या गणितावर चालणारी, आत चक्र फिरवणारी मीटरं नळावर बसू लागली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. विल्यम सीमेन्सचं मीटर १८५० च्या दशकातलं. तुमच्या-माझ्या घराचं साधं मेकॅनिकल मीटर त्याच घराण्यातलं.

आता या चक्राचा स्वभाव समजून घेतला की निम्मं काम झालं. त्याला फक्त फिरणं कळतं. कशामुळे फिरतोय हे कळत नाही, आणि फारच हळू ढकललं तर ते हलतच नाही.

पाणी अगदी थेंबथेंब येत असेल तर मीटर ते मोजत नाही. आपल्याकडच्या घरगुती मीटरांसाठी आयएस ७७९ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार १५ मिलिमीटरच्या क्लास बी मीटरची अचूकता ताशी १२० लिटरच्या वर २ टक्क्यांच्या आत हवी, ताशी ३० ते १२० लिटरच्या दरम्यान ५ टक्क्यांच्या आत. ३० च्या खाली अचूकतेची काहीच हमी नाही. ताशी ३० लिटर म्हणजे दिवसाला ७२० लिटर! गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट हळूहळू बंद होताना पाणी असंच बारीक धारेने येतं. वर्षानुवर्षं झिजलेलं चक्र आणखी जड होतं. हे सगळं मीटर कमी दाखवायच्या बाजूचं.

जास्त दाखवायच्या बाजूला मुख्य संशयित म्हणजे हवा. दिवसातून काही तासच पाणी येतं तिथे बाकी वेळ पाइपात हवा भरलेली असते. पाणी सुटलं की ती आधी बाहेर पडते आणि जाताजाता चक्र गरागरा फिरवते. कधी जाळीत कचरा अडकून पाण्याची धार अरुंद आणि वेगवान होते, तेव्हाही आकडा फुगू शकतो.

म्हणजे आपल्याला दुसरं माप हवं. मीटरची चूक मीटरकडे कितीही टक लावून बघितलं तरी दिसत नाही. घरी करता येतील अशा तीन परीक्षा सांगतो.

पहिली परीक्षा लिव्हरपूलची. तिथल्या जॉर्ज डीकन या इंजिनिअरने १८७३ मध्ये गळती शोधण्यासाठी खास मीटर बनवलं. कल्पना अगदी साधी: रात्री गाव झोपलेलं असताना वस्तीत किती पाणी जातंय ते बघायचं. तेव्हा कोणी फारसं वापरत नसतं, म्हणजे जातंय ते बहुतेक गळतंय. घरी हेच करा. सगळे नळ बंद करून डायलवरची छोटी चांदणी बघा. फिरत असेल तर बहुधा गळती आहे, आणि मीटर बिचारं खरं बोलतंय. मग मीटरनंतरचा कॉक बंद करा. कॉक पक्का बंद होत असूनही चांदणी फिरत राहिली, तर संशय मीटरवर.

दुसरी परीक्षा बादलीची. बादलीवर छापलेल्या लिटरवर विसंबू नका, वजनकाट्यावर ठेवा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो (बादलीचं वजन वजा करून). वीस-वीस लिटरच्या पाच बादल्या भरा आणि आधीचं-नंतरचं रीडिंग लिहा. एकदा नळ पूर्ण सोडून, एकदा बारीक धारेने. १०० लिटरला ९८ ते १०२ दाखवत असेल तर तक्रारीला जागा नाही. ९० दाखवलं तर ते म्हातारं झालंय. ११५ दाखवलं तर तक्रार करा. आणि बादलीला बरोबर येऊनही बिल फुगत असेल, तर पाणी सुटायच्या वेळी मीटरपाशी उभे राहा. नळातून नुसता फुसफुस आवाज येतोय आणि आकडे धावतायत, तर चोर सापडला.

तिसरी परीक्षा फ्रॉन्टिनसची. मीटर टाकीच्या आधी असेल तर टाकीची लांबी-रुंदी मोजा. तळ चार चौरस मीटर असेल तर पातळी २५ सेंटिमीटर चढली म्हणजे १,००० लिटर आलं. पंप बंद ठेवून, पाणी येत असताना हे करा आणि मीटरशी ताडून बघा.

हे आकडे तारखेनिशी आणि फोटोसकट घेऊन गेलात तर मीटर टेस्ट बेंचवर तपासून मागताना बोलायला आधार राहतो. आणि निकाल उलटा लागायचीही तयारी ठेवा हं. मीटर कमी दाखवत होतं असं निघालं, तर तेही आपलंच माप :)

खरं तर एवढं सगळं दर महिन्याला करायची गरज नाही. दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिता, त्यावरच एक तारखेला मीटरचं रीडिंग टाकत चला. फ्रॉन्टिनसला आधीच्या साहेबांचं दप्तर मिळालं, पण त्यातला एकही आकडा त्याने स्वतः घेतलेला नव्हता, म्हणून त्याला नऊ जलवाहिन्या पायाखाली घालाव्या लागल्या. तुम्हाला जिना उतरून मीटरपर्यंत जायचंय फक्त.