बागेचं कुळ

आमच्या बेळगावजवळच्या बेळगुंदीकडं नवा माणूस भेटला की नाव मागाहून, आधी 'कुणापैकी?' असं विचारतात. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या जपानी बागेला हा प्रश्न केला, तर पाटीवरचं नाव निघतं आमच्याच बाजूचं. हे पु. ल. देशपांडे उद्यान, आणि देशपांड्यांचं मूळ गाव चंदगड तालुक्यातलं जंगमहट्टी. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात त्यांनी शिकवलंही, आणि जपान हिंडून आल्यावर 'पूर्वरंग' लिहिलं. तेव्हा नाव शोभतं. कुळ मात्र दुसरं.

दहाएक एकरांची ही बाग २००६ साली खुली झाली. ती बेतली आहे ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून. तिथल्या इकेदा त्सुनामासा या सरंजामदारानं १६८७ मध्ये त्सुदा नागातादा या आपल्या कारभाऱ्याला काम सांगितलं. १७०० पर्यंत बाग उभी राहिली. 'असाही' नावाच्या नदीच्या पात्रातलं बेट, पलीकडं काळा किल्ला, आणि तेहेतीसेक एकरांत तळी, ओढा, टेकडी, हिरवळ. शिवाय चहाचा छोटा मळा आणि चक्क भाताचा वाफा! दर जूनमध्ये तिथं गाणी म्हणत भातलावणी होते आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. ऐन पावसात चिखलात वाकून रोप लावणाऱ्या आमच्या बायकांना हे सांगितलं, तर त्या हसून लोळतील. पण धन्याच्या करमणुकीच्या जागेत शेत राखायची ही जपानी कल्पना मला गुलाबांच्या ताटव्यांपेक्षा शहाणपणाची वाटते.

या बागा बसून बघायच्या नव्हेत, फिरून बघायच्या. वाट मुद्दाम वळवलेली असते, म्हणजे तळं एकदम दिसू नये. एका वळणावर पूल, पुढच्या वळणावर बेट. कुंपणाबाहेरचा डोंगर किंवा किल्लाही देखाव्यात उसना घेतात. कोराकुएनमधली टेकडी जेमतेम सहा मीटरची, त्सुनामासाच्या मुलानं उभारलेली. तिच्यावरून अख्खी बाग नजरेत येते.

दगड-पाणी मांडायचं तंत्र मात्र सरंजामदारांच्याही आधीचं. अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या ग्रंथात दगड कसे मांडावेत, पाणी कुठून कुठं न्यावं, याचे बारीक नियम आहेत. दगडाचा कल ओळखून मग बाकीचे मांडा, असा त्याचा रोख. त्याच्याही मागं गेलं, तर आठव्या शतकात लिहिलेल्या 'निहोन शोकी' या इतिहासात ६१२ सालची एक गोष्ट भेटते. कोरियातल्या बेक्चे राज्यातून एक माणूस आला. अंगावर पांढरे डाग, म्हणून त्याला एखाद्या बेटावर टाकून द्यायचं ठरलं. तो म्हणाला, डाग चालत नसतील तर ठिपक्याठिपक्यांची जनावरं तरी कशाला पाळता? आणि मला डोंगर रचायची कला येते. जीव वाचला. राजवाड्याच्या दक्षिणेकडच्या अंगणात त्यानं एक पूल बांधला आणि एक पर्वत उभा केला. त्या पर्वताचं नाव शुमिसेन, म्हणजे आपला सुमेरू. बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे तो तिथवर पोचला होता. जपानी तळ्यांतल्या बेटांवर देऊळ असतं, ते पुष्कळदा बेन्झाइतेन देवीचं. ती आपली सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा घेतलेली. सोयरीक म्हणायची तर ही अशी जुनी.

पुण्याच्या बागेत हिरवळीवर पाय ठेवला की रखवालदाराची शिट्टी वाजते. फिरायच्या बागेत ते जाचतंच. कालव्याचं पाणी, मासे, पूल मात्र जागच्या जागी आहेत. ही नक्कल आहे म्हणून कुणी नाक मुरडतं, तेव्हा मला कोराकुएनचाच इतिहास सांगावासा वाटतो. १८८४ मध्ये ती सरकारकडं येऊन सर्वांना खुली झाली. १९३४ च्या पुरानं तिची दैना केली, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या इमारती जळाल्या. सरंजामी काळातली चित्रं आणि नकाशे हाताशी होते, त्यांच्यावरून ती पुन्हा उभी केली. ओकायामात आज तिकीट काढून बघतात ती बागही, बरीचशी, कागदावरून उतरवलेलीच.